मीठ खाल्लंस?

शहापूर, ९ फेब्रुवारी १९३६

बा,

आधी एक भांडण मिटवून टाकते. इथले शाळामास्तर म्हणतात, वडिलांना पत्र लिहायचं तर वर 'तीर्थरूप' घालावं आणि 'तुम्ही' म्हणावं. दोनदा तसं लिहून पाहिलं. कुणा परक्या म्हाताऱ्याला लिहितेय असं वाटायला लागलं. तुला मी जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, आता मेल्यावर कशाला म्हणू?

तुझ्या लेखी मी मेले, हे मला ठाऊक आहे. बांधावर माझ्या नावाचं मडकं फुटलं तेव्हा मी पलीकडे करवंदीच्या जाळीत बसले होते. एका फटक्यात फुटलं नाही ते. तीनदा काठी घातलीस. तुझा हात इतका कच्चा कधी नव्हता.

धाऊदादा हिरडा न्यायला येईल तेव्हा हे पत्र बांधावरच्या दगडाखाली ठेवील. निवळवाडीत वाचता येणारी माणसं दोनच, तू आणि मी. मुलगा नाही, पुढे पोथी कोण वाचणार, म्हणून तूच मला अक्षरं शिकवलीस. तेव्हा पत्र भलत्याच्या हाती पडलं तरी भ्यायचं कारण नाही. चुलीत घालणार असशील तर घाल. पण वाचून घाल.

मी शहापुरात आहे. आग्रा रोडला रखमीबाईची खानावळ आहे, तिथे रांधते. रखमीबाई विधवा आहे, जिभेची तिखट. उन्हातून आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या देते, एवढ्यावर मी तिथे राहिले. पहिल्याच दिवशी तिने मला चुलीपाशी बसवलं. वीस गाडीवान जेवायला बसले, आणि मी झकास आमटी वाढली. पहिल्याने भुरका मारला आणि शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने वाटी खाली ठेवली. मग एक म्हातारा मला म्हणाला, "बाय, मीठ काय माहेरी इसरलीस गो?"

काय सांगू त्याला? खरंच माहेरी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मूठभर टाकलं, तर सगळे पाणी पीत उठले. आठवडाभर माझं नाव 'खारी' होतं.

रखमीबाईने मग विचारलं, तुमच्यात मीठ का खात नाहीत? तिला पोथीतलं सगळं सांगितलं. आपले थोरले बाबा एका खोताच्या पदरी होते. खोताने त्यांना खोटी साक्ष द्यायला लावली. म्हणाला, खाल्ल्या मिठाला जाग. त्यांनी साक्ष दिली आणि एक निर्दोष माणूस देशोधडीला लागला. त्या दिवशी बाबांनी आण घेतली, यापुढे कुणाचं मीठ पोटात जाऊ देणार नाही, म्हणजे कुणासाठी खोटं बोलावं लागणार नाही. बारा घरं घेऊन सिद्धगडाच्या पायथ्याशी गेले. तेव्हापासून ज्याने बाहेरचं मीठ खाल्लं तो वाडीला मेला. त्याने बांध ओलांडायचा नाही, त्याच्या हातचं औषधपाणी घ्यायचं नाही.

रखमीबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "माणूस चांगला होता गो. पण राग खोताचा आणि काढला मिठावर."

मी का गेले, असं कुणी विचारलंच तर सांग, बाळीला आगगाडी बघायची होती. आसनगावला जाऊन पाहिली. काळी आहे, लांब आहे, उगाच ओरडते.

बाळी


शहापूर, २० नोव्हेंबर १९३७

बा,

पावणेदोन वर्षांत माझी चार पत्रं गेली आणि तुझं एक अक्षर आलं नाही. धाऊदादाला विचारलं, बा पत्र उचलतो का? तो म्हणाला, "दगडाखाली पुन्ना गेलो तर नसतं. वारा नेतो का बा नेतो, मला काय ठाव?" दगडाखालून कागद नेणारा वारा मी तरी पाहिलेला नाही.

मंगळू माझ्याकडे आहे. तुम्ही त्याला रानात शोधत असाल म्हणून कळवते. वाघाने नेला नाही. मडकं फोडायचं असेल तर फोडा, पण त्याच्या आईला सांग की तो दोन वेळा जेवतो.

तो आला तेव्हा तीन दिवस उपाशी होता. वाटेत कुणी भाकर दिली तर तोंडात घालायचा आणि थुंकायचा. त्याला वाटे आतून जळतंय. मला हे ठाऊक होतं म्हणून बरं. मी त्याला पहिल्या दिवशी अळणी पेज दिली, आपल्यासारखीच, नाचणीची. दुसऱ्या दिवशी हंडाभर पेजेत मिठाचा एक खडा. तिसऱ्या दिवशी दोन. नवव्या दिवशी तो गाडीवानांच्या पंगतीत बसला आणि चटणी मागून घेतली. रखमीबाई हसून हसून दमली. आता तिने कोनाड्यात एक वेगळं मडकं ठेवलंय, त्याला कुणी मिठाचा हात लावायचा नाही. म्हणते, "तुमच्यातलं आणखी कोण आलं तर? उपाशी का मारायचं?"

मीठ सोपं आहे, बा. बाकीचं अवघड. रस्त्याच्या कामावर मुकादमाने त्याला आडनाव विचारलं. हा म्हणे, "आमी सगळी एकाच वाडीची, आडनाव कशाला?" मुकादमाने लिहून टाकलं, मंगळू खानावळे. आता तो खानावळे झाला. कुणी 'उद्या ये' म्हटलं की हा खरंच उद्या जाऊन उभा राहतो. लोक नुसतंच तसं म्हणतात, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. परवा असाच फसून आला आणि रडला. म्हणाला, परत जातो. मी म्हटलं, जा, पण बांधावर तुला एकच प्रश्न विचारतील. काय सांगशील?

तो गेला नाही. आपल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, ही तुझी शिकवण. बाहेर पडलेल्याला तीच सगळ्यांत जास्त नडते, आणि तिच्याच जोरावर तो इथे टिकतो. मुकादम आता गोदामाची किल्ली मंगळूकडे देतो.

हे मी तुला चिडवायला लिहीत नाही. वाडी मोडावी असं मला वाटत नाही. तिथली पेज मला अजून आठवते. पण जो बाहेर येईल त्याला मी उपाशी मरू देणार नाही, आणि हे तुझ्यापासून लपवणारही नाही.

बाळी


शहापूर, ५ ऑक्टोबर १९४०

बा,

कमळीला दिवस गेलेत. धाऊदादाला तिनेच बांधावरून ओरडून सांगितलं म्हणे, "ताईला सांग, माघात." सहा वर्षांपूर्वी ती दहा वर्षांची होती आणि माझ्या पाठीवर बसून ओढा ओलांडायची.

आता मला आगगाडीचं खोटं मागे घ्यायला हवं. मी आगगाडी बघायला गेले नव्हते. तुला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण आजवर आपण दोघांनी ते कधी उच्चारलेलं नाही.

आई बाळंत झाली, मूल गेलं, आणि तिचं रक्त थांबेना. तिसरा दिवस होता. तू ओटीवर पोथी घेऊन बसला होतास. मी उठले आणि कुणाला न सांगता उतरले. उपाशीच मुरबाडला पोचले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सगळं विचारून घेतलं, औषधाची बाटली दिली, पोट कसं चोळायचं ते माझ्याच पोटावर हात ठेवून दाखवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आधी दोन घास खा, नाहीतर वाटेत पडशील. पिठलं-भाकरी होती. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली. मला कळलं, बा. कळल्यावरही मी सगळी भाकरी खाल्ली, कारण मला चालायचं होतं.

बांधावर वाडीचा कारभारी म्हणून तू उभा होतास. मागे पाच जण. तू विचारलंस, "मीठ खाल्लंस?"

एक शब्द होता. 'नाही' म्हटलं असतं तर मी आत आले असते, बाटली आईच्या तोंडाशी गेली असती. कुणी माझी जीभ हुंगणार नव्हतं. मी म्हटलं, "खाल्लं." मी बाटली पुढे केली, ती तू घेतली नाहीस. त्या संध्याकाळी आई गेली.

सहा वर्षं मी स्वतःला विचारते, बाळे, तू खरं का बोललीस? आणि तुला विचारते, बा, तू विचारलंसच का? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तू तसं शिकवलंस म्हणून. दुसऱ्याचं तुझ्याकडे असेल, तर ठेव तुझ्यापाशी. मला आता भांडायचं नाही. कमळी आईच्या अंगाची आहे, तसाच अरुंद बांधा. मला ती जिवंत हवी आहे.

बाळी


मुरबाड, १२ जानेवारी १९४१

बा,

पत्ता बघ. रखमीबाईला सांगितलं, दोन महिने तुझी चूल तू सांभाळ. तिने कपाळाला हात लावला आणि मग स्वतःचं घोंगडं माझ्या गाठोड्यात कोंबलं. दवाखान्याच्या मागच्या आळीत एक खोली घेतली आहे. त्याच नर्सबाई आहेत अजून, केस पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं. आईचं विचारलं. मी मान हलवली.

आता नीट ऐक. मी तुला नेम मोडायला सांगत नाही. पोथी मीही वाचली आहे. बांधाबाहेर पाऊल टाकायला बंदी नाही, बंदी मिठाला आहे. म्हणून मी दोन चुली घातल्यात. एक माझी, एक अळणी. दोन मडकी, दोन डाव, पाण्याची घागरसुद्धा वेगळी. नर्सबाईंशी बोलले, औषध त्यांच्याच हातचं असेल, माझ्या नव्हे; कडू असेल पण खारट नसेल. कमळी इथे सव्वा महिना राहील आणि जशी येईल तशी अळणी परत जाईल. बांधावर तू विचार, आणि ती खरं सांगेल.

कळा सुरू व्हायच्या आत तिला डोलीत घालून आण. तुला नको असेल तर चांगोला पाठव, तिचा नवरा आहे, त्याला खांदे आहेत. कुणीच आणलं नाहीस तर मी नर्सबाईंना घेऊन बांधावर येऊन बसेन. तू 'नको' म्हणशील तरी बसेन. पाच जण येऊ देत नाहीतर पन्नास. या खेपेला बाटली हातात धरून मी परत फिरणार नाही. एवढं पक्कं समज.

बाळी


मुरबाड, २७ फेब्रुवारी १९४१

बा,

तू न बोलता गेलास, म्हणून मला पत्र लिहावं लागतंय. समोर होतास तेव्हा दोन शब्द बोलला असतास तर कागद वाचला असता.

तू डोली दारात उतरवलीस आणि म्हणालास, "पोरीला धर." पुढून तू, मागून चांगो. या वयात पुढचा दांडा तू का घेतलास, ते मी विचारलं नाही. तुझ्या डोळ्यांवर सारा, पांढरा पडदा, आला आहे हे उंबऱ्याला ठेचकाळलास तेव्हा कळलं. म्हणजे वाट तुला दिसत नव्हती आणि तरी पुढे तूच होतास.

दोन दिवस कमळी अडली होती. तू ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिलास, पाण्याचा घोट घेतला नाहीस. मूल झाल्यावर रक्त सुरू झालं, तसंच, आईसारखं. मी दारात आले तेव्हा तुला माझ्या पावलांवरून कळलं असेल. नर्सबाईंनी अर्ध्या घटकेत थांबवलं. अर्धी घटका, बा. मी बाहेर येऊन म्हटलं, "थांबलं." तू तोंडावर उपरणं घेतलंस.

सकाळी मी तुला पेज करून दिली. तू पहिला घोट घेऊन माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं चटका बसला. मग सगळी वाटी संपवलीस आणि म्हणालास, "आणखी घाल." तुझ्या तोंडून एवढं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी दुसरी वाटी काठोकाठ भरली. तीही संपवलीस. नातीच्या टाळूवर हात ठेवलास आणि काठी घेऊन चालू लागलास.

चांगो सांगत होता, वाडीत पाच जण तुझ्यावर टपून आहेत, कारभारी तीन दिवस बाहेर राहिला म्हणून. त्यांनी विचारलं तर बेलाशक सांग. त्या पेजेला मिठाचा वारासुद्धा लागलेला नाही. वेगळी चूल, वेगळं मडकं, वेगळा डाव. मी शपथेवर लिहून देते, आणि बाळी खोटं बोलत नाही हे त्या पाचांनी स्वतः बांधावर पाहिलेलं आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

कमळी बरी आहे. मूल दुधाला लागलं आहे. रागावलेली दिसते, तुझ्यावर गेली आहे.

बाळी


निवळवाडी, शिमगा होऊन चार दिवस

बाळे,

डोळं अधू झालंत, अक्षर वाकडं येल. सांभाळून घे.

तुजी सगळी पत्रं हायत. एक पण चुलीत नाय घातलं. पोथीच्या फडक्यात बांधून ठेवलीत. पयलं सोताच वाचत होतो. डोली निघायच्या आदली दोन कमळीनं वाचून दाखवली, हे शेवटलं उन्हात धरून सोताच लावलं. तू गेलीस तवा तिला पण अक्षरं शिकवली. पोथी वाचायला कोणतरी पायजे.

तू शपथ घेतलीस ती खोटी पडली. पेजेत मीठ होतं.

पयल्या घोटाला वाटलं जीभ भाजली. मग समजलं. तुज्याकडं बघलं. तू पोरीची दुपटी वाळत घालत होतीस, दोन रात डोळा लागला नव्हता, उभ्या उभ्या डुलत होतीस. हात सवयीनं मिठात गेला असंल. तुला कायच ठाव नव्हतं. थुकता आलं असतं. नाय थुकलो. आणखी मागून घेतली, ती समजून उमजून घेतली.

तू विचारलंस, बांधावर मी विचारलंच का. कारभारी होतो, विचारणं भाग होतं. पण विचारलं तवा मनात म्हणत होतो, नाय म्हण बाळे, नाय म्हण, आणि आत ये. तू नाय बोललीस खोटं. तुजा दोष नाय. तसं शिकवणारा मी, आणि विचारणारा पण मी. तुजी आई माज्या दोन्ही हातांनी गेली. हे लिवायला मला सहा वर्सं लागली.

वाडीत आलो. बांधावर पाच जण उभं. बारकूचा बाप पुढं झाला, विचारलं, "देवजी, मीठ खाल्लंस?" तुजं पत्र तवर आलं नव्हतं. आलं असतं तरी दाखवलं नसतं. मी बोललो, "खाल्लं. लेकीच्या हातचं. दोन वाट्या."

पाची जण एका बाजूला झाले. मग म्हणाले, मडकं फोडाया पायजे. मी घरात गेलो, मडकं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. फोडायचा मान कारभाऱ्याचा. कारभारी मी. दुसऱ्या कोणी काठी उचलायची तर उचला म्हटलं. ऊन कलंपतुर सगळी उभी होती. कोण उचलली नाय. मडकं घरी आणलं. त्यात पाणी भरून ठेवलंय.

आता थोरल्या बाबांचं वचन मला उलटं समजतं. मीठ खाल्लं तर त्याला जागायला पायजे, ते खरंच हाय. लेकीचं खाल्लं, तिच्या मिठाला जागतो. हितून जायचं त्यानं लपून जायचं नाय. जो बोलंल त्याला मी दिवसाढवळ्या बांधापतुर घालवीन, तिथून धाऊ आणील. बारकू आणि त्याची बायको येतायत. एकेक खडा करून दे, घाई करू नको. यायचं त्यानं परत पण यायचं, मी कोणाला काय विचारणार नाय. कमळीला पण सांग. राह्यचं तर राह, यायचं तर ये, मी बांधावर हाये.

आणखी एक. हितली पेज आता गळ्याखाली उतरत नाय. धाऊकडं मीठ दे. खडं दे. थोडं जास्तीच दे, मी एकलाच मागत नाय.

बा